आत्याचं कपाट आणि न लिहिलेली ऑर्डर



कॉस्टिंगवरचा व्हिडिओ बघून बरेच जण एकच प्रश्न विचारतात. "सर, गिऱ्हाइकाला भाव सांगायला आता जमतं. पण घरचं माणूस काम घेऊन आलं तर काय करायचं? पैसे मागायला तोंड उघडत नाही, आणि फुकट करत बसलो तर धंदा बसतो."

हा प्रश्न दहा मिनिटांच्या व्हिडिओत मावणारा नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. तत्त्वज्ञान सांगत नाही. माझ्या हातून बिघडलेलं एक काम सांगतो. त्या कामात माझे पैसे गेले, एक ऑर्डर गेली, आणि ज्या आत्यानं मला धंद्यात उभं केलं तिच्याशी चार महिने धड बोलणं नव्हतं. एवढं सगळं एका जुन्या कपाटापायी.

कपाट कुठून आलं

गोष्ट २०१४ सालची. सांगलीत माझं फर्निचरचं छोटं वर्कशॉप सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. भाड्याचा पत्र्याचा गाळा, एक मदतनीस कारागीर आणि एक रंधा मशीन. ते मशीन घेताना बँकेनं दारात उभं केलं नव्हतं. मिरजेच्या आत्यानं पोस्टातली ठेव मोडून २५ हजार रुपये हातावर ठेवले होते. व्याज नाही, कागद नाही. "जमेल तसे दे रे," एवढंच म्हणाली. त्यातले १५ हजार मी फेडले होते, १० हजार राहिले होते.

त्याच वर्षी आत्याच्या मुलानं, म्हणजे आमच्या दादानं, विश्रामबागेत फ्लॅट घेतला. मिरजेचं जुनं घर सोडायचं ठरलं. बाकी सामानाची वाटणी झाली, भंगार गेलं, पण आत्याचं सागवानी कपाट अडून बसलं. सात फूट उंच, साडेतीन फूट रुंद, आतोबांनी लग्नानंतर करून घेतलेलं. फ्लॅट चौथ्या मजल्यावर. लिफ्टमध्ये ते जाईना, जिन्याच्या वळणावर फिरेना. आणि बेडरूममध्ये वहिनींनी भिंतीतली कपाटं आधीच करून घेतली होती.

एका रविवारी आत्या वर्कशॉपवर आली. म्हणाली, "अरे, ते कपाट विकायचं माझ्या जिवावर येतंय. त्याचं काहीतरी कर की. खाली टीव्ही ठेवायला होईल असं एक, आणि वरचं नातीच्या पुस्तकांना. आषाढ लागायच्या आत वास्तुशांत आहे, तोवर होईल का?"

मी म्हटलं, "होईल की. दोन दिवसांचं काम आहे."

"किती होतील रे?"

"राहू दे गं आत्या. तुझ्याकडून काय पैसे घ्यायचे?"

मित्रांनो, माझी चूक इथेच झाली. कपाट मी अजून उघडूनही बघितलं नव्हतं. दोन दिवस हा आकडा कुठून आला? हवेतून. आणि 'राहू दे' हे मनापासून आलं नव्हतं, ते भिडेपोटी आलं होतं. भीड ही भिकेची बहीण असं जुनी माणसं म्हणतात, ते उगाच नाही.

दोन दिवसांचे नऊ दिवस कसे झाले

नवीन फर्निचरचा अंदाज बांधता येतो. प्लायची शीट आठ बाय चारची, जाडी ठरलेली, चॅनल ठरलेले. जुन्या फर्निचरचं तसं नसतं. ते आपल्या आधी तिघाचौघांच्या हातून गेलेलं असतं, आणि कोणी काय करून ठेवलंय ते उघडल्याशिवाय कळत नाही.

आत्याचं कपाट उघडलं तेव्हा एकेक गोष्ट बाहेर यायला लागली.

पहिलं, पाठीच्या फळ्या. कपाट सागवानी म्हणजे सगळंच सागवान, असं मी धरून चाललो होतो. चौकट आणि दारं सागाची होती, पण पाठ आंब्याच्या फळ्यांची. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असतं, त्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही. आंब्याला मात्र आवडीनं लागते. भिंतीकडच्या फळ्या आतून पोकळ झाल्या होत्या. पाठ पूर्ण बदलावी लागली.

दुसरं, खिळे. कधीतरी कोणीतरी डगमगणाऱ्या बाजूला खिळे ठोकून वर लांबी भरून पॉलिश मारलं होतं. बाहेरून काही दिसत नव्हतं. फळी रंधा मशीनमध्ये घातली आणि कर्रकन आवाज आला. पात्याला दाता पडला. दुसऱ्या दिवशी नवी पाती.

तिसरं, दारं. कपाट आडवं कापायचं, खालच्या दोन फुटांत टीव्हीचं युनिट आणि वरच्या पाच फुटांत पुस्तकांचं कपाट, असा माझा बेत होता. कागदावर सोपा. पण जुनं दार म्हणजे एक सपाट फळी नसते. दोन उभ्या पट्ट्या, दोन-तीन आडव्या पट्ट्या आणि मध्ये खाचेत बसवलेली दिला. आडव्या पट्टीच्या टोकाला कुसू काढून ते उभ्या पट्टीच्या भोकात बसवलेलं असतं. दार खालून कापलं की खालची आडवी पट्टीच जाते, आणि दार चौकटीशिवाय राहतं. म्हणजे नवीन पट्टी करा, कुसू काढा, उभ्या पट्टीत भोक पाडा, दिला पुन्हा बसवा. एका दाराला एक दिवस.

चौथं, रंग. नवीन पट्टीला जुन्या लाकडाच्या वखारीतून साग आणला, तरी तो रंधून काढल्यावर पिवळट दिसायला लागला. आत्याचं कपाट काळपट तपकिरी. रंग जुळवण्यात दीड दिवस गेला.

पाचवं, पाऊस. जून महिना. जुनं पॉलिश चपड्याचं होतं, म्हणजे लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं. तेच पुन्हा करायचं होतं. दमट हवेत या पॉलिशवर पांढुरकी छटा येते. एक हात मारायचा, ऊन येतंय का बघायचं, छटा आली की पुन्हा स्पिरिटचा बोळा फिरवायचा.

दोन दिवसांचे नऊ दिवस झाले. त्यातले सहा दिवस माझा कारागीरही याच कामावर होता.

आता दुसरीकडे काय चाललं होतं ते ऐका. जून म्हणजे क्लासेस सुरू व्हायचा महिना. एका क्लासची १२ बाकांची ऑर्डर माझ्याकडे होती. तारीख लिहून दिलेली होती, पण ॲडव्हान्स घेतला नव्हता. ती दुसरी चूक, तिच्यावर वेगळा लेख होईल. रोज सकाळी ठरवायचो, आज बाकांना हात घालू. आणि रोज कपाटातून नवीन काहीतरी निघायचं. शेवटी क्लासवाल्यांनी बाक दुसरीकडून घेतले. ते काय चुकले? मुलं जमिनीवर बसवायची होती का त्यांनी?

जे पुसलं गेलं

इथपर्यंत नुकसान पैशाचं होतं. पैशाचं नुकसान भरून निघतं.

वास्तुशांत दोन दिवसांवर आली होती. बाकांची ऑर्डर गेल्यामुळे डोकं फिरलेलं. मनात एकच, हे कपाट एकदाचं माझ्या गाळ्यातून जाऊ दे. रात्री साडेदहाला दारांच्या आतल्या बाजूवर घासायचं मशीन फिरवलं. आतून कोण बघतंय, पण पॉलिश एकसारखं दिसायला हवं, म्हणून दोन्ही दारं आतून कोरी केली. पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं दिसलं होतं. सुताराच्या खुणा असतील असं वाटलं. थांबून वाचलं नाही.

दोन दिवसांनी विश्रामबागेत कपाट लागलं. सगळे खूश. टीव्ही बसला, दारांच्या कापलेल्या तुकड्यांतून केलेले दोन ड्रॉवर बघून वहिनी म्हणाल्या, "भावजी, हे तर दुकानातल्यापेक्षा भारी झालं." नातीनं पुस्तकं लावायला घेतली.

आत्या पुढे आली. वरच्या कपाटाचं दार उघडलं, आतून हात फिरवला. दुसरं दार उघडलं. तिथेही हात फिरवला.

"इथलं कुठं गेलं रे?"

ते आतोबांचं अक्षर होतं. दर महिन्याचा दुधाचा हिशेब ते कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीनं लिहायचे. किती लिटर, किती खाडे, किती द्यायचे. वर्षानुवर्षांचा. आतोबांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. त्यांच्या हातचं तेवढंच लिहिलेलं घरात उरलं होतं. आत्याला कपाट विकवत नव्हतं ते सागवानाच्या किमतीसाठी नव्हे.

ती मला काही बोलली नाही. सगळ्यांसमोर तर नाहीच. जाताना मात्र म्हणाली, "गिऱ्हाइकाला विचारतोस तेवढं मला विचारलं असतंस, तर सांगितलं असतं."

मित्रांनो, हे वाक्य मी आजपर्यंत प्रत्येक बॅचला सांगतो. कारण ते शंभर टक्के खरं होतं. पैसे देणारं गिऱ्हाईक आलं असतं तर मी वही काढली असती. काय बदलायचं, काय तसंच ठेवायचं, रंग कोणता, हँडल जुनी की नवी, सगळं विचारून लिहून घेतलं असतं. आत्या घरची म्हणून एक ओळही लिहिली नाही. फुकट काम आहे म्हटल्यावर मी नकळत त्याची काळजीही फुकटातलीच घेतली.

दुसरा न लिहिलेला हिशेब

माझ्या मनात आणखी एक गणित चाललं होतं, जे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. मी धरून चाललो होतो की कपाट केलं, म्हणजे आत्याचे राहिलेले १० हजार फिटले.

आत्याला हे कसं कळणार? मीच तर 'राहू दे गं' म्हटलं होतं. तिच्या दृष्टीनं भाच्यानं प्रेमानं काम करून दिलं, आणि १० हजार बाकी आहेत ते आहेतच.

दिवाळीला गेलो. फराळ झाला. आत्यानं सहज विचारलं, "ते दहा हजार कधी जमतील रे? मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचंय, म्हणून विचारते."

आणि मी फटकन बोललो. "नऊ दिवस मान मोडून कपाट केलं, त्याचं काहीच नाही का?"

ती गप्प झाली. दादा उठून आत गेला. दिवाळीच्या दिवशी मी ताट अर्धं टाकून घरी आलो.

बायकोनं त्या रात्री एकच प्रश्न विचारला. "कपाटाला लागले किती, हे तुला तरी माहीत आहे का?" माहीत नव्हतं. नऊ दिवस राबलो, एवढंच माहीत होतं. मग रात्री बसून, पाच महिन्यांनी, त्या कामाचं बिल लिहिलं. पावत्या शोधल्या, कारागिराची हजेरी वही काढली. तेव्हाच्या भावानं ते असं होतं:

- जुनं सागवान, वखारीतून: २,४०० रुपये
- प्लाय, पाठीला आणि कापलेल्या जागी: ४,१०० रुपये
- चॅनल, बिजागऱ्या, कुलपं, स्क्रू: १,४५० रुपये
- चपडा, स्पिरिट, पॉलिश पेपर: १,३०० रुपये
- टेम्पो, दोन फेऱ्या: १,२०० रुपये
- रंध्याची पाती: ६५० रुपये

साहित्य आणि वाहतूक मिळून ११,१०० रुपये.

- कारागीर, ६ दिवस, रोज ६०० प्रमाणे: ३,६०० रुपये
- माझी स्वतःची मजुरी, ९ दिवस, रोज ८०० प्रमाणे: ७,२०० रुपये
- गाळ्याचं भाडं आणि वीज, महिना ७,८००, कामाचे २६ दिवस, म्हणजे दिवसाला ३०० रुपये. ९ दिवसांचे: २,७०० रुपये

एकूण २४,६०० रुपये. गेलेली बाकांची ऑर्डर यात धरलेली नाही.

आकडा बघून मीच गार पडलो. वहिनी नवीन टीव्ही युनिटचं कोटेशन घेऊन आल्या होत्या, ते १८ हजारांचं होतं.

दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन आत्याकडे गेलो. आधी दिवाळीच्या बोलण्याची माफी मागितली, मग कागद दिला. म्हटलं, "मागायला नाही आलो. तुला माहीत असावं म्हणून आणलाय."

तिनं चष्मा लावून एकेक ओळ वाचली. म्हणाली, "मला वाटलं होतं दोन-तीन हजारांचं काम असेल. तू बोलला का नाहीस?"

मग पेन घेऊन तिनंच हिशेब केला. साहित्य आणि कारागिराचे मिळून १४,७००. त्यातून माझ्याकडचे १० हजार वजा. उरले ४,७००. ते तिनं डब्यातून काढून माझ्या हातात ठेवले. मी नको म्हणायला लागलो, तर म्हणाली, "साहित्य तुझ्या घरचं नव्हतं, आणि कारागीर माझा भाचा नव्हता. तुझी मजुरी आणि गाळ्याचं भाडं मात्र मी देणार नाही. ते मी आत्या म्हणून घेतलं."

एमबीएचं पुस्तक मी नंतर वाचलं. पण घरच्या कामाचा नियम मला त्या दिवशी आत्यानं शिकवला.

मग आता घरचं काम कसं घ्यायचं?

माझं म्हणणं एका ओळीत सांगतो. घरच्या कामाचे पैसे घ्या किंवा घेऊ नका, पण ते काम ऑर्डर म्हणून लिहा. माया करायची ती बिलाच्या शेवटच्या ओळीत करा, पहिल्या ओळीत नको.

आमच्या वर्कशॉपमध्ये त्यानंतर जी पद्धत लावली, ती अशी.

१. बघितल्याशिवाय 'हो' नाही. घरचं माणूस आलं की म्हणायचं, "बघून सांगतो." नाराज कोणी होत नाही, उलट काम गंभीरपणे घेतलंय असं वाटतं. जुनं फर्निचर असेल तर बघायचं काय?

- भिंतीकडची आणि खालची बाजू आधी बघा. वाळवी आणि कीड तिथूनच लागते. स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघा. आत गेलं तर लाकूड पोकळ आहे. बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर कीड अजून जिवंत असू शकते.
- लोहचुंबक फिरवा. लपलेला खिळा सापडतो. दहा-वीस रुपयांचा चुंबक शेकड्यांची पाती वाचवतो.
- कोपरा धरून हलवा. सांधे ढिले असतील तर ते उघडून पुन्हा बसवण्याचा वेळ धरा. जुन्या कामात सरस वापरलेला असतो, तो ओलावा आणि उष्णतेनं सुटतो. म्हणून ठोकून तोडायच्या आधी गरम ओल्या फडक्यानं सोडवून बघा.
- झाकलेल्या जागी स्पिरिटचा बोळा घासा. पॉलिश चिकट होऊन सुटलं तर ते चपड्याचं आहे. तसं असेल तर सगळं खरवडायची गरज नसते, त्यावरच हात मारून पुन्हा चमक आणता येते. आपलं निम्मं काम वाचतं.
- दाराची भरीव दिला खाचेत सैल असेल तर तिला गोंद लावून घट्ट करू नका. पावसाळ्यात लाकूड आडवं फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. जुन्या सुतारानं ती मुद्दाम सैल ठेवलेली असते. चिकटवली तर तडकते.
- जिथे न्यायचंय तिथला दरवाजा, जिना आणि लिफ्ट मोजा. टेप आपली न्या, त्यांच्या सांगण्यावर जाऊ नका.

२. जॉब कार्डावर पहिला रकाना 'काय ठेवायचं'. आपण सगळे विचारतो, काय बदलायचं. जुन्या वस्तूच्या बाबतीत आधी हे विचारा की काय बदलायचं नाही. एखादा ओरखडा, नाव कोरलेलं, स्टिकर, कडी, वास सुद्धा. आपल्याला जो डाग वाटतो तो त्यांच्यासाठी आठवण असू शकते. काम सुरू करायच्या आधी आतून-बाहेरून फोटो काढा. फोटोला खर्च शून्य. त्या रात्री मी दारांचे दोन फोटो जरी काढले असते, तरी आतोबांचं अक्षर आज आत्याच्या मोबाईलमध्ये असतं.

३. तीन आकडे वेगवेगळे लिहा. साहित्य आणि वाहतूक हा पहिला. दुसऱ्याची मजुरी हा दुसरा. आपली मजुरी आणि जागेचा खर्च हा तिसरा. पहिले दोन सोडायचा आपल्याला हक्कच नाही, कारण ते पैसे वखारवाल्याचे आणि कारागिराच्या घरच्यांचे आहेत. तिसरा आपला. तो पूर्ण सोडा, निम्मा सोडा, तुमची मर्जी. पण आकडा लिहा, आणि समोर लिहा: 'घरची सूट'. सूट दिसली तर समोरच्याला आपलं प्रेम दिसतं. न लिहिलेली सूट कोणालाच दिसत नाही, ती फक्त आपल्या पोटात आंबत राहते.

४. जुनी देणीघेणी कामात मिसळू नका. मिसळायची असतील तर तोंडानं बोला आणि कागदावर घ्या. 'मनातल्या मनात फिटलं' असा व्यवहार जगात नसतो.

५. ठरवणारा माणूस एकच. आत्याला काळपट पॉलिश हवं होतं, वहिनींच्या मनात पांढरा रंग होता, दादा म्हणत होता काहीही करा पण लवकर करा. घरच्या कामात गिऱ्हाईक एक नसतं, अख्खं कुटुंब असतं. पहिल्याच दिवशी विचारा, "शेवटचा शब्द कोणाचा?" आणि ते नाव कार्डावर लिहा.

६. तारीख देताना रोखीच्या ऑर्डरी आधी. आम्ही महिन्यात एकच घरचं काम घेतो, तेही रांगेत. "आत्या, हातात बाकांची ऑर्डर आहे, ती २० तारखेला संपते, मग तुझं कपाट घेतो," हे वाक्य मी तेव्हा बोललो असतो तर आत्या नक्की थांबली असती. वास्तुशांत कपाटाशिवाय होते हो!

७. नाही म्हणायची वेळ आली तर रस्ता दाखवून म्हणा. ते कपाट बघितल्यावर नात्यात बातमी पसरली, "याच्याकडे फुकटात करून मिळतं." मग एका मामांचा पलंग आला, मावशीचा झोपाळा आला. "तुझ्याकडे काय, लाकूड पडलेलंच असतं," हे तर ठरलेलं वाक्य! आता मी सांगतो, "मामा, साहित्याचे एवढे आणि कारागिराचे एवढे होतील, माझं काही नको. गणपतीनंतर घेतो. घाई असेल तर चांगला कारागीर सांगतो." निम्मे लोक तिथेच थांबतात, आणि जे येतात ते आनंदानं पैसे देतात. दोघांशीही संबंध चांगले राहतात.

हे फक्त सुतारासाठी नाही

तुम्ही ब्लाऊज शिवत असाल आणि जाऊबाई आईची जुनी पैठणी घेऊन आल्या, ड्रेस करून दे म्हणाल्या, तर कात्री लावायच्या आधी हेच करा. बारशाचा केक असो, भावाच्या दुकानाचा बोर्ड असो, मित्राच्या लग्नाचे फोटो असोत. घरचं काम आपण दोन कारणांनी बिघडवतो. एक, किंमत सांगायची लाज वाटते. दुसरं, किंमत नाही म्हणून प्रश्न विचारायचे राहतात. एका कार्डानं दोन्ही सुटतात.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. दोष नेहमी नातेवाइकांचा नसतो. आत्यानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "किती होतील रे?" पैसे द्यायची तिची तयारी होती. गैरसमज माझ्या 'राहू दे'नं केला. नातेवाईक फुकटे असतात असं म्हणण्याआधी एकदा आठवून बघा, त्यांनी किंमत विचारली होती का, आणि आपण काय उत्तर दिलं होतं?

आजचा गृहपाठ

वही घ्या. गेल्या वर्षभरात घरच्यांसाठी, मित्रांसाठी केलेलं एक काम निवडा. त्याचं बिल आज लिहा. साहित्य, दुसऱ्याची मजुरी, आपली मजुरी, जागा-वीज, सगळं. कोणाला दाखवायचं नाही. फक्त खालची बेरीज बघा आणि स्वतःला विचारा, हे काम करताना मला हा आकडा माहीत होता का? नसेल, तर पुढच्या घरच्या कामाच्या आधी जॉब कार्डांचं एक पुस्तक छापून घ्या. छापायचं नसेल तर दोनशे पानी वही चालेल.

जाता जाता, कपाटाबद्दल. दिवाळीनंतर मी ते पुन्हा एकदा नीट बघितलं. डाव्या दाराला वरच्या बिजागरीपाशी मशीनची चकती पोचली नव्हती. तिथे साडेतीन ओळी राहिल्या होत्या. एका महिन्याचे लिटर, दोन खाडे, आणि अर्धवट राहिलेली बेरीज. त्यावर चपड्याचा एक पातळ हात हळूच मारून दिला, म्हणजे पुढे पुसलं जाणार नाही. त्या कामाचं कार्ड मात्र केलं होतं. 'काय ठेवायचं' या रकान्यात आत्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं: 'हे.'

त्याचे पैसे शून्य लावले. पण लिहून लावले.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत हिशेब लिहीत राहा!